काच सुटेपर्यंत

भात पिवळं पडलं की माझ्या शेडमधली माणसं एकेक करून दिसेनाशी होतात. कुणी सांगून जातं, कुणी नुसतंच जातं. साजगावच्या या पट्ट्यात वीस वर्षं काच कापण्याचा धंदा केल्यावर मी आता काही विचारत नाही. पूर्वी विचारायचो. ओरडायचो, कामावरून काढायची धमकी द्यायचो, आणि आठ-दहा दिवसांनी हातांवर कापणीचे ओरखडे घेऊन तीच माणसं परत आली की मुकाट्याने कामावर घ्यायचो. आता दारावरचा दसऱ्याचा झेंडू सुकला की मी स्वतःच दाराशी खुर्ची टाकून बसतो. समोरच्या डोंगराचा हिरवा रंग अजून गेलेला नसतो, पण वापरून वापरून विटल्यासारखा दिसतो. दुपारी पत्रा तापून तडतडतो आणि पहाटे त्याच पत्र्यावरून दव ठिबकतं. शेतं आता पूर्वीसारखी सलग नाहीत. मध्ये मध्ये कुणाच्या तरी बंगल्याचं कुंपण, कुणाच्या तरी प्लॉटची पाटी. तरी उरलेल्या तुकड्यांवर विळा चालला की तो वास येतोच, ओला आणि कोरडा एकाच वेळी.

या दिवसांत मला थकवा येतो. डॉक्टर रक्तदाब म्हणतात. म्हणू देत.

मी काच कापायला शिकलो ते खोपोलीतल्या एका तसबिरींच्या दुकानात. मालक दाराशी बसायचा आणि मी मागे, जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटावर. हातात काच कापायचा हिरा, बाजूला बाटलीच्या झाकणात रॉकेल. हिरा रॉकेलमध्ये बुडवायचा, पट्टीला लावायचा आणि एका दमात ओढायचा. मालक मागे वळूनही बघायचा नाही. नुसता ऐकायचा. रेघ नीट पडली तर रातकिड्यासारखी बारीक, सलग किरकिर यायची. हात कुठे दबला किंवा उचलला गेला तर आवाज तुटायचा आणि दाराकडून शिवी यायची. मग काच उलटी करून दोन्ही अंगठ्यांनी दाब द्यायचा. टक. तो आवाज आला की काम झालं. आला नाही तर काच वाया. मधलं काही नसतं, असं मी तिथे शिकलो, आणि पुढची तीस वर्षं तेच खरं मानलं. माणसांच्या बाबतीतही.

दुसरी गोष्ट त्याच दुकानात शिकलो. गिऱ्हाईक भाव ऐकून उठलं, चपला घातल्या, पायरी उतरलं, तरी हाक मारायची नाही. जो आधी बोलला तो हरला. या एका नियमावर मी गोणपाटावरून उठून स्वतःची शेड उभी केली आहे. जागा घेतली ती याच नियमाने, आणि लेसरचं यंत्र घेतलं तेही.

ते यंत्र पुण्याकडच्या एका बंद पडणाऱ्या कारखान्यातून घेतलं. मी तीन वेळा पायरी उतरलो आणि तिन्ही वेळा त्यांनीच हाक मारली. मला लेसरमधलं काही कळत नव्हतं, पण एक आकडा मी पाठ केला होता. या यंत्रातून प्रकाश सलग येत नाही, ठोक्या-ठोक्याने येतो, आणि त्याचा एकेक ठोका, ज्याला ते पल्स म्हणतात, तीनशे फेमटोसेकंदांचा. जितका ठोका आखूड तितकं यंत्र भारी, एवढं मी हेरलं होतं. त्यांच्याकडे त्याहून लांब पल्सचं एक यंत्र होतं, स्वस्तही होतं. मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सगळ्यात आखूड तेच मी ओढून आणलं आणि महिनाभर येईल त्याला ऐकवत राहिलो.

स्वप्नाली पहिल्या दिवशी आली तेव्हा तिलाही ऐकवलं. मुलगी नेरळची. वडील तिथे स्टेशनबाहेर रिक्षा चालवायचे, आमच्या एका ड्रायव्हरच्या ओळखीतले. पोरगी प्रकाशाचं शास्त्र शिकून आली आहे आणि नोकरी घराजवळ हवी आहे, एवढंच कळलं होतं. मी विचारलं, "फेमटोसेकंद म्हणजे किती, माहीत आहे का?"

ती म्हणाली, "एका सेकंदात जेवढे फेमटोसेकंद असतात ना काका, तेवढे सेकंद मोजायचे म्हटले तर तीन कोटी वर्षं लागतील."

"कोण बसणार मोजत?"

"म्हणून तर तुम्ही घासाघीस केली नसेल त्यात."

मी तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं. शेडमधले बाकी सगळे मला शेट म्हणतात. ती काका म्हणायची, आणि काका म्हणून वाटेल ते बोलायची.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. घासण्याचं यंत्र, कॉम्प्रेसर, टेंपो, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचे हार, उदबत्ती. चार वर्षांपूर्वी मी ताट घेऊन लेसरच्या खोलीकडे निघालो तर ही दारात आडवी.

"उदबत्ती आत नाही आणायची."

"देवाचं आहे."

"देवाचाच धूर आरशांवर बसेल. मग महिनाभर मी पुसत बसेन आणि तुम्ही देवासकट मला बोलाल."

सगळी माणसं बघत होती. हौसाबाई, जी डोंगराच्या कुशीतल्या वाडीवरून येते आणि आमच्याकडे काचा धुण्याचं काम करते, ती तोंडाला पदर लावून हसत होती. मग तडजोड झाली. हार दाराच्या कडीला, उदबत्ती बाहेर ओट्यावर, आणि यंत्राच्या वतीने पूजेला माझा जुना हिरा. तो मी कपाटातून शोधून काढला. तेव्हापासून दरवर्षी तोच बसतो पाटावर. या वर्षीही बसला.

त्या ऑक्टोबरचं काम असं होतं. गाड्यांच्या सेन्सरवर बसणाऱ्या काचा, दोन मिलिमीटर जाड, गोल कोपऱ्यांच्या, कडेला केसाएवढीही कपची चालणार नाही. हे काम जमलं तर आम्ही तसबिरींच्या काचेतून कायमचे बाहेर पडणार होतो. नाही जमलं तर यंत्र नुसतं हार घालायला उरलं असतं. नमुने द्यायला दोन दिवस होते आणि कडा काही नीट येत नव्हत्या. काचेच्या वरच्या अंगाला जखम व्हायची आणि खालचं अंग तसंच कोरं राहायचं.

स्वप्नालीने मला ते समजावलं होतं, एकदा नाही, चार वेळा. साध्या भिंगाने प्रकाश एका ठिपक्यात गोळा होतो. शंकूच्या आकाराचं भिंग लावलं की त्याची सुई होते, लांब, काचेच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारी. अशा सुयांनी काचेच्या पोटात भोकांची रांग पाडायची, शिवणीसारखी, डोळ्यांना न दिसणारी. पण पल्स फार आखूड असला तर सगळा जोर एकदम येतो. त्याची सुरुवातच काचेत असा काही गोंधळ उडवते की मागून येणाऱ्या प्रकाशाला वाट उरत नाही. तो विस्कटतो, वरच्या वर संपतो. तोच ठोका, तेवढ्याच ताकदीचा, पण वेळेत जरा ताणून दिला, वीस पट लांब केला, की तो आतपर्यंत पोचतो.

"म्हणजे लांब पल्स हवा?"

"हो."

"मग मी आखूड पल्सचं यंत्र कशाला घेतलं?"

ती काही बोलली नाही. मला ते न बोलणं झोंबलं. तिने हसायला हवं होतं, किंवा निदान म्हणायला हवं होतं, की काका, आखूडचा लांब करता येतो, लांबचा आखूड करता येत नाही, तुम्ही घेतलंत ते बरोबरच. हे मला नंतर दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. तिने सांगितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. असं मी चार वर्षं म्हणत आलो आहे.

मी म्हणालो, "मी पैलवान आणायचा आणि तू त्याला हळू चालायला शिकवायचं."

"पहिल्याच शब्दात सगळं ओरडून टाकलं की समोरचा ऐकत नाही काका. तसंच आहे ते."

आता हे काचेबद्दल होतं की माझ्याबद्दल, ते कळायला फेमटोसेकंद पुरे होता.

त्या संध्याकाळी तिने तिच्या ताणलेल्या पल्सने पाच काचा काढल्या. मी उजेडाकडे धरून बघितल्या. काही नव्हतं. अगदी तिरकं धरलं तर कोळ्याच्या धाग्याएवढी एक रेघ चमकल्यासारखी वाटायची आणि जायची. काच जशीच्या तशी, अखंड. कापताना तो माझ्या ओळखीचा आवाजही आला नव्हता. नुसती डासासारखी गुणगुण.

"कापलीच नाही ही."

"कापली आहे काका. फक्त सुटलेली नाही."

"कापली आणि सुटली नाही म्हणजे काय? लग्न झालंय पण मुलगी माहेरीच आहे, असं सांगू गिऱ्हाईकाला?"

"ताण बसला की सुटेल. जरा ऊब द्यावी लागेल, मी बघते कशी द्यायची ते. सकाळपर्यंत थांबा."

मी थांबलो नाही. माझ्या अंगठ्यांनी तीस वर्षांत कधी थांबून बघितलेलं नव्हतं. मी काच उलटी केली आणि दाबली. ती आडवी फुटली, सगळ्या गोल कोपऱ्यांना छेदून, आणि माझ्या उजव्या अंगठ्यात शिरली. उरलेल्या चार मी उचलल्या, मागच्या दाराने बाहेर गेलो आणि भंगाराच्या पत्र्यावर टाकल्या. टाकल्या म्हणजे आपटल्या नाहीत. हात रक्ताने निसरडा झाला होता म्हणून ठेवल्या म्हणा हवं तर.

मग मी जे बोललो ते बोललो. आजवर हे कुणाला सांगताना मी इथे थांबतो आणि पुढच्या सकाळवर उडी मारतो. पण लिहायला बसलोय तर लिहितो. मी म्हणालो, "यापेक्षा बापाची रिक्षा चालवली असतीस तर बरं. निदान ती मीटरवर चालते."

ती हातमोजे काढत होती. दोन्ही काढले, जोडी जुळवून टेबलावर ठेवले. म्हणाली, "नेरळला मीटर नसतो काका."

डबा पिशवीत घातला आणि निघाली. शेडच्या पायरीपर्यंत गेली. तिथे चपला घालायला वाकली, आणि मला आठवतंय, पट्टा लावायला तिने जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. मी अंगठ्याला फडकं गुंडाळत उभा होतो. जो आधी बोलला तो हरला. ती पायरी उतरली. बाहेर रस्त्यावर कर्जतच्या बाजूला जाणारी टमटम थांबल्याचा आवाज आला, मग निघाल्याचा.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हौसाबाई आणि मी, दोघंच. बाकी सगळे कापणीला. मी पुढे फोनवर गिऱ्हाईकाला थापा मारत होतो. काचा रात्रभर दवात होत्या. साडेदहाच्या सुमाराला शेडची सावली मागे सरते आणि त्या पत्र्यावर ऊन येतं, एकदम नाही, कडेकडेने. काचेचा एक भाग तापलेला, एक भाग अजून गार.

हौसाबाईने हाक मारली. "शेट, इकडं या जरा. मागं काय वाजतंय बगा."

मी गेलो. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक, टक. सावलीची कड काचेवरून सरकत होती आणि तिच्यामागोमाग काच सुटत होती. भोवतालची चौकट बाजूला झाली होती आणि मध्ये गोल कोपऱ्यांचा तुकडा तसाच पडून होता. मी उचलला. कडेवरून जखमी अंगठा फिरवला. कुठे काही लागलं नाही.

मी म्हणालो असेन काहीतरी, कारण हौसाबाई म्हणाली, "आज कापलं नि आजच उचललं असं कुनी करतं का? भात पन दोन दिस उन्हात पडू द्यावं लागतंय. तुमी शेतकऱ्याचं ना वो शेट?"

खालापूरला आमचा भाताचा तुकडा होता. मी सात-आठ वर्षांचा असताना कापलेल्या ओल्या भाताच्या मुठी उचलून भारा बांधायला गेलो होतो आणि वडिलांनी पाठीत धपाटा घातला होता. सडलं असतं ना रं सगळं, म्हणाले होते. ते मी विसरलो नव्हतो. फक्त ते काचेलाही लागू असेल असं वाटलं नव्हतं.

काम मिळालं. अजून चालू आहे, याच कामावर शेडला दुसरी खोली जोडली. त्या दिवशी दुपारी मी स्वप्नालीला मेसेज केला, 'काम झालं.' तासाभराने उत्तर आलं, 'छान.'

एवढंच. ती परत आली नाही. चार वर्षं मी त्या एका शब्दाशी भांडतो आहे. एक रात्र थांबली असती तर. मी चिडतो हे तिला माहीत होतं, सगळ्यांना माहीत आहे. इतरांनी नाही सोसलं? तिला पुण्यात नोकरी लागल्याचं मला तिच्याकडून नाही, टेंपोवाल्याकडून कळलं. तिचं सेटिंग यंत्रात अजून तसंच आहे. आम्ही त्याला हात लावत नाही. आणि दरवर्षी शेतं पिवळी पडली की माझ्या अंगठ्यावरचा व्रण खाजतो, आणि मी दाराशी बसून मनातल्या मनात तेच सगळं पुन्हा बोलतो, कधी माझ्या बाजूने, कधी तिच्या. काच अखंड दिसते आणि आतून शिवणीसारखी भोकं पाडलेली असते, तसं काहीसं. दमायला होतं.

या वर्षी तेच गिऱ्हाईक चार मिलिमीटरची काच घेऊन आलं. तीन आठवडे झाले, सुटत नाही. उन्हात ठेवली, गरम तव्यावर ठेवली, हौसाबाईने ओलं फडकं फिरवून पाहिलं. एकतर आडवी जाते नाहीतर ढिम्म. जमलं नाही तर ते सगळंच काम दुसरीकडे नेणार, जुनंसुद्धा, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. माणसं कापणीला. शेडमध्ये तीच शांतता.

काल दुपारी हौसाबाई बाजूला येऊन बसली. म्हणाली, "त्या पोरीला फोन लावा."

"ती गेली. मी का लावू?"

"बरं. मग बसा."

मी बसलो. अर्धा तास बसलो असेन. भावात जो आधी बोलतो तो हरतो, हे खरं आहे. पण गिऱ्हाईक गेल्याला चार वर्षं झाली आणि दुकानदार अजून ओठ मिटून बसलाय, यात कोण जिंकतंय तेही मला सांगता येईना. मी फोन लावला.

"बोला काका," ती म्हणाली. नंबर ठेवला होता तिने.

मी खुशाली विचारली नाही. मला जमत नाही. एकदम काचेचंच बोललो, मागच्या पत्र्यावर दवात-उन्हात ठेवतो तेही. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पल्स किती लांब ठेवलाय?"

"तुझाच आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही."

ती म्हणाली, "तो दोन मिलिमीटरचा होता काका. काच बदलली की बदलायला लागतो. सुई लांब करा, भिंग मी सांगते कुठे सरकवायचं. मग पल्स अजून ताणा. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. शेवटी म्हणालो, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. रिक्षा विकली." आणि मग, "अजून मीटर नाही नेरळला."

मी पेनाचं टोपण लावलं. ती म्हणाली, "रात्रीच मागच्या पत्र्यावर ठेवा. आणि हात लावू नका."

आज सकाळी दहालाच मी खुर्ची मागे नेऊन ठेवली. काल संध्याकाळी तिने सांगितलं तशा काढलेल्या चार काचा, दवाने ओल्या. सव्वादहाला फोन आला, तिचा.

"ठेवल्या?"

"ठेवल्या."

"ऊन आलं?"

"येतंय. पहिलीच्या कोपऱ्याला लागलंय."

मी फोन स्पीकरवर टाकून पत्र्याच्या कडेला ठेवला. तिच्या बाजूने कुठल्यातरी ऑफिसातला पंखा ऐकू येत होता, माझ्या बाजूने खालच्या शेतात चालू असलेली कापणी, विळ्यांची खसखस, कुणीतरी कुणाला मारलेली हाक. आम्ही दोघंही बोलत नव्हतो. आयुष्यात मी खूप गप्प बसलोय, पण समोरचा बोलावा म्हणून. असा कधी बसलो नव्हतो. सावली पहिल्या काचेच्या मध्यावर आली. दोनदा माझा हात पुढे गेला, दोनदा मागे घेतला. हौसाबाई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

टक.

तुकडा सुटला. चार मिलिमीटर, गोल कोपरे, अखंड.

मी काही म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, "ऐकू आलं."

"त्या दिवशीही असंच वाजलं होतं," मी म्हणालो. "तू नव्हतीस."

"तुम्ही नुसतं 'काम झालं' लिहिलंत काका. मला काय कळणार कसं वाजलं ते."

दुसऱ्या काचेवर ऊन सरकत होतं. मी म्हणालो, "फोन ठेवू नकोस. अजून तीन आहेत. आणि त्या संध्याकाळचं मला थोडं बोलायचंय."

"बोला," ती म्हणाली. "मी थांबते."